शेरा

क्षेत्रीय कार्यालय, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.
पंखा आहे, पण लावायचा नाही,
कागद उडतात.
नाव. लिंग. वय. पत्ता. पूर्वीचे आजार.
शेवटी बोटभर रुंदीचा एक रकाना : शेरा.
तो रिकामा ठेवायचा,
ओव्हाळ मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं.

मी कंत्राटी. सहा महिन्यांची ऑर्डर.
रोज साठ-सत्तर माणसं टाइप करायची.
माणसं नाही, नोंदी म्हण. हेही मॅडमच.

पहिल्या आठवड्यात वाटलं, मरण सरसकट आहे.
मग पत्ते वाचता यायला लागले.

ताडीवाला रोड : एका दारावर तीन आडनावं,
भाडेकरू, पोटभाडेकरू, पोटभाडेकरूचा मेहुणा.
दहा बाय दहा, वर पत्रा,
खिडकीच्या जागी एक वीट लावायची राहून गेलेली.
संडासाच्या रांगेत सहा सहा फुटांवर उभं राहायचं
तर रांगेचं शेपूट रेल्वेच्या हद्दीत जातं.

कोथरूड : एका दारावर एक आडनाव, दोन वयं.
एक्याऐंशी. शहात्तर.
तिन्ही बाजूंनी वारा, कुंडीत ओवा,
नातेवाइकाचा नंबर परदेशातला.
दिगंबर घाटपांडे, मालती घाटपांडे,
मध्ये एकोणीस तास.
खिडक्या होत्या.
वय आडवं आलं.

आणि ती यल्लव्वा,
इथे तापली, टेम्पोत घालून गुलबर्ग्याला नेली,
तिथे गेली.
तिकडचे म्हणाले पुण्याची,
आम्ही म्हणालो आमच्याकडे तर जिवंत आहे.

जूनमध्ये एक मुलगा आला, मास्कवर मास्क,
संशोधन करत होता.
लॅपटॉपवर शहर पसरलेलं :
आर्द्रता, हवेतले कण, दाटी, तापमान,
थरावर थर, गोधडीसारखे.
म्हणाला, गंमत बघा,
इथे लागण एवढी, आणि मृत्युदर कमी.
वस्ती तरुण आहे ना.
वयोरचनेचा फायदा.

फायदा.

मी पाण्याची बाटली उघडली, परत लावली.
विचारायचं होतं,
तरुण आहे म्हणजे काय आहे, दादा?
आमचे म्हातारे कुठे गेले असतील
असं तुमच्या नकाशाला वाटतं?

माझे वडील, लहू दगडू पाटोळे,
भोसरीच्या ढलाईखान्यात वाळूचे साचे ठोकायचे.
बावन्नाव्या वर्षी गेले. साथ नव्हती तेव्हा.
कारण : क्षय.
थुंकी तीनदा तपासली, तीनदा काही निघालं नाही,
तरी क्षय.
वाळूला रकाना नव्हता.

आज त्रेसष्ट असते.
साठीवरच्या गटात बसले असते,
आणि त्या छातीनं चार दिवसही काढले नसते.
आमच्या वॉर्डाचा आकडा एकानं चढला असता.
पण ते अकरा वर्षं आधीच गेले,
वस्ती तरुण करून गेले.

यातलं काही मी बोलले नाही.
तो आभार मानून गेला, जाताना खुर्ची नीट आत सरकवली,
चांगल्या घरचा असावा.

त्या संध्याकाळी शेऱ्यात टाइप केलं : खिडकी नाही.
पुढच्याला : खिडकी नाही.
घाटपांड्यांना : खिडक्या तीन.
एकाला : चुलीचा धूर. एकाला : रात्रपाळी.
रकान्यात वीस अक्षरं मावतात,
एकवीस झाली की मशीन टुंग करतं.
साडेसातपर्यंत टुंग टुंग चाललं होतं.

सकाळी ओव्हाळ मॅडमनी वर-खाली बरंच वाचलं.
मला वाटलं, गेली ऑर्डर.
चष्मा काढून म्हणाल्या,
संडास किती घरांत एक, ते का नाही लिहिलंस?

महिन्याचा अहवाल निघाला तेव्हा
कागद आडवा घातला, अक्षर बारीक केलं,
तरी शेवटचा रकाना कागदाबाहेरच राहतो.
मोठा कागद मागवलाय.
मागणीपत्र खालच्या मजल्यावर आहे, सहीसाठी.